देव सुरीवाल्याशी बोलतो

आधी शाहीनचाचीचं नाव लिहिते. मग बाकीचं.

चाकणजवळ, निघोज्याच्या रस्त्याला, आमच्या कंपनीच्या गेटसमोर, तिच्या नवऱ्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. चाची तिथंच बाहेर स्टोव्ह मांडून चहा करते आणि गर्दी असली की पंक्चरही काढते. ती नसती तर हे लिहायला मी नसते. लिहिते तेही डाव्या हाताने. तिनेच बसवून बसवून शिकवलं. अक्षर वाकडं येतं, घाबरट येतं, पण येतं. आठवीतच शाळा सुटली होती माझी. चाची म्हणाली, "बेटा, तुझ्या आत जे सडतंय ना, ते कागदावर काढ. नाहीतर डोक्यात जाईल." म्हणून काढतेय. लिहिण्यात काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. पुढं ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांच्याकडे मी कसलीच माफी मागत नाही.

आता काय झालं ते.

यंदाची खंडेनवमी. कंपनीत मशीनपूजा. सगळी मशीनं बंद, फरशी डिझेलने पुसलेली, रांगोळी काढलेली. प्रत्येक प्रेसवर कुंकवाचं स्वस्तिक. आणि मला पाटावर बसवलेलं. माझ्याच जुन्या प्रेससमोर. जिने माझ्या उजव्या हाताची मधली तीन बोटं खाल्ली, तिच्याच पायाशी.

शेठच्या बायकोला आम्ही मॅडम म्हणायचो. मॅडम पैठणी नेसून आल्या होत्या. म्हणाल्या, "ओढणी पसर. ओटी भरते."

मी ओढणी पसरली. डाव्या मुठीत एक टोक धरलं. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी. त्या दोघांनीच मी दुसरं टोक धरायला गेले. मॅडमने खण टाकला, नारळ टाकला, तांदूळ टाकले. वरून टाकले. हाताला हात लागू नये इतक्या वरून. नारळाच्या वजनाने टोक सुटलं. नारळ घरंगळत मशीनखाली गेला. तांदूळ बहुतेक सगळे फरशीवर.

"अगं नीट धर की," मॅडम म्हणाल्या. "देवीचं आहे."

मागं कुणीतरी खुसखुसलं. "ग्रिप नाय राव तिची."

माझ्याच लाइनचे लोक. हसले. मी खाली बघत राहिले. मग मॅडमने झेंडूच्या देठावर कुंकू घेतलं आणि ते माझ्या हाताला लावलं. हाताला म्हणजे जिथं बोटं होती तिथं. कातडी तिथं अजून पातळ आहे. झोंबलं. स्वतःचं बोट मात्र त्यांनी लावलं नाही.

शेठनी माइक घेतला. "ही आपल्या कंपनीची मानकरीण. एवढ्या लोकांत देवीने हिला निवडली. आपल्या कुणाच्या नशिबात आहे हे?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग महाराज बोलायला उभे राहिले. शेठच्या घरचे महाराज. गळ्यात जाड माळ, मनगटात भारी घड्याळ. त्यांनी पोथीतली गोष्ट सांगितली. तुम्हाला माहीत असेल. आमच्याकडं बायका जात्यावर म्हणायच्या. एक राजा आणि एक राणी, एकुलतं एक पोर. दारात देव येतो अतिथीचं रूप घेऊन. म्हणतो, जेवायला तुमच्या पोराचं मांस पाहिजे. राजा-राणी पोर कापतात, शिजवतात. राणीने एक शीर झाकून ठेवलेलं असतं, तोंड बघायला. अतिथी तेही मागतो. म्हणतो, उखळात घाल, कांड, आणि कांडताना गाणं म्हण. डोळ्यातून टिपूस गळलं तर मी उठून जाईन.

महाराजांनी माझ्याकडं बोट केलं. "ती राणी होती बाळा. रडली नाही. तू पण रडायचं नाही. देवाने मागितलं की हसत द्यायचं."

मी रडत नव्हते. माझ्या डोक्यात एकच चालू होतं. शेवटी त्या राणीचं पोर परत आलं. देवाने हाक मारून उठवलं, धावत आलं. माझी बोटं कुठायत?

शेठनी झेंडूचा भला मोठा हार माझ्या मांडीवर ठेवला. माइक माझ्या तोंडासमोर धरला. "बोल बेटा. देवीने घेतलं, माझं भाग्य, एवढंच बोल. आणि हार घाल मशीनला. तुझ्या हाताने."

हे एवढं सगळं कशासाठी, ते सांगायला मागं जावं लागेल.

मी हिंगोलीकडची. मांगाची पोर. गावात गढी आहे, तिचा एक बुरूज पाडला तरी पडत नाही म्हणतात. वडील सांगायचे, तो बांधताना सारखा ढासळायचा. मग पाटलाच्या स्वप्नात देव आला. दोन जीव दे म्हणाला. पाटलाने दिले. आमच्या वस्तीतलं नवं लग्न झालेलं जोडपं. हळदीच्या अंगाने बुरुजाच्या पायात उभं केलं आणि वरून दगड लावले. दर अमावस्येला गाव तिथं नारळ फोडतं. आमच्या वस्तीला त्या नारळाचा पहिला तुकडा मिळतो. मान म्हणून.

वडील गेल्यावर मी चाकणला आले. गावची एक ताई इथं पॅकिंगला होती, तिच्या ओळखीने कॉन्ट्रॅक्टवर लागले. प्रेसवर. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, बटण दाबायचं, वरून प्रेस येते, गाडीचा ब्रॅकेट तयार. काढायचा, पुढचा ठेवायचा. दिवसभर तेच. प्रेसच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सेन्सर असतो. मध्ये हात असला की त्याला दिसतं आणि मशीन जागच्या जागी थांबतं. ते माझ्या भरवशाचं होतं. गावाकडं आईला फोनवर सांगायचे, "घाबरू नको, मशीनला डोळे हायेत."

मी घाबरट. पहिल्यापासून. सुपरवायझर देसले साहेब नुसते मागून गेले तरी मान ताठ व्हायची. काम जाईल, खोली जाईल, परत गावाला जावं लागेल, त्या बुरुजाखालून रोज पाण्याला जावं लागेल. हीच भीती.

मागच्या वर्षीच्या खंडेनवमीला मॅडमने नैवेद्याच्या पुऱ्या लाटायला बायका बोलावल्या. मी पुढं झाले. मॅडमने आडनाव विचारलं. सांगितलं.

"तू असं कर, तू फुलं ओव."

मी फुलं ओवली. मशीनचा हार मीच केला. शेठनी तो आपल्या हाताने प्रेसला घातला, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत झोकदार. त्यांच्या कंपनीचा नेम आहे. पूजेचा हार कुणी काढायचा नाही. आपोआप गळून पडेपर्यंत तसाच. काढला तर देवी रुसते आणि ऑर्डर तुटते.

दसऱ्याची सुट्टी संपली. कामावर आलो. फुलं सुकून दोरा सैल पडला होता, हार लोंबून बरोबर सेन्सरच्या समोर आला होता. मशीन दर दोन मिनिटांनी थांबायचं. सेन्सरला वाटायचं, हात आहे.

मी देसले साहेबांना म्हणलं, "साहेब, हार जरा वर बांधू का?"

"हात लावू नको हाराला. शेठचा हार आहे तो." मग आपल्याशीच, "आणि तू तर नकोच लावू."

त्यांनी शेठला फोन केला. मी समोरच उभी होते. फोन ठेवला, पॅनल उघडला, किल्ली फिरवली. सेन्सर बंद.

"आता नाही थांबायचं. मार."

डोळे होते ते गेले. हार राहिला.

दुपारच्या जेवणाच्या आधीची गोष्ट. पत्रा साच्यात तिरका बसला. सरळ करायला हात घातला. रोज घालायचे. रोज मशीन थांबायचं. हाताला सवय होती की ते थांबतं.

आवाज काहीच वेगळा आला नाही. ब्रॅकेट बनताना येतो तसाच आला.

मला गेटवर आणून बसवलं. शेठची गाडी उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, सीट खराब होईल, आधी काहीतरी अंथरायला आणा. देसले साहेब आत अंथरायला शोधत होते. मी खुर्चीत. रक्त चालू. तेवढ्यात रस्त्यापलीकडून चाची आली. स्टोव्ह तसाच पेटता सोडून. मला तेव्हा तिचं नावही माहीत नव्हतं, नुसती चहावाली.

तिने आपल्या अंगावरची ओढणी काढली आणि माझा हात आवळून बांधला. भर रस्त्यात, डोकं उघडं टाकून. देसले साहेबांना म्हणाली, "क्या ढूंढ रहे हो साहेब, चादर? पोरगी मरेल इथं."

"आमच्या डॉक्टरकडे नेतोय आम्ही. तुम्ही मध्ये पडू नका."

"तुमचा डॉक्टर कागद करत नाही. मला माहितीये तुमचा डॉक्टर."

तिने एक टेम्पो अडवला. मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं सगळी नोंद झाली, पोलिसांना कळलं, कारखान्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी साहेबांना कळलं. ती नोंद नसती तर आज मी कुणाला काही सांगितलं असतं तरी लोक म्हणाले असते, दारात सापडलं असेल बोट.

दवाखान्यातून तिने मला आपल्याच घरी आणलं. एक खोली आणि वर पत्रा. चाचा बाहेर गॅरेजात झोपायला लागले. मी म्हणलं, चाची, लोक काय म्हणतील. तर म्हणाली, "लोक म्हणतात, चहात पाणी जास्त घालते. ते पण खरंच आहे." वेणी घालायची, डाव्या हाताने जेवायचं, कपडे पिळायचे, सगळं तिने शिकवलं. तिची ती ओढणी माझ्याकडंच राहिली. मी ती धुतली नाही. ती अधूनमधून विचारायची, "माझी हिरवी ओढणी खाल्लीस काय गं?" मी भांडी घासायला घ्यायचे.

पुढं देसले साहेब दोनदा घरी आले. मला पॅकिंगला परमनंट करणार म्हणाले. फक्त चौकशीत सांगायचं की नवरात्राच्या उपासांनी अशक्त झाले होते, चक्कर आली, हात आपोआप आत गेला. बाकी देवीची इच्छा. आईचा फोन आला, "काय करायलीस ग माय? परमनंट देतेत तर घे ना." आईचं काही चुकत नव्हतं. मी पॅकिंगला जायलाही लागले. त्याच कंपनीत. चौकशीची तारीख यंदाच्या दसऱ्यानंतर पडली होती. खंडेनवमीचा तो पाट, ती ओटी, तो माइक, सगळं त्याच्यासाठी. एकदा सगळ्यांसमोर माझ्या तोंडून देवीचं नाव वदवलं, की चौकशीत मी फिरणार कशी?

एवढं मला कळत होतं. पण दुसरंही एक कळायला लागलं होतं, आणि ते जास्त महत्त्वाचं.

मागच्या बकरी ईदला चाची खिमा परतत होती. मी कांदा सोलत होते. मी विचारलं, तुमच्यात ही ईद कशाची असते.

"अल्लाहने पैगंबरांना ख्वाबात सांगितलं, बेटा कुर्बान कर. ते निघाले. सुरी मानेवर ठेवली. ऐन वेळेला वरून थांबवलं. बेट्याच्या जागी मेंढा पाठवला."

"मग आधी मागितलंच कशाला?"

चाची हसली. "हेच मी लहानपणी अब्बांना विचारलं. त्यांनी एक ठेवून दिली. मग अम्मीला विचारलं. अम्मी म्हणाली, मला बाकी काही कळत नाही, सुरी थांबली एवढंच कळतं. ज्याला सुरी थांबवता येत नाही त्याने वरच्याचं नाव घेऊ नये."

मी कांदा सोलत राहिले. माझ्या डोक्यात गढीतलं जोडपं आलं. राणीचं पोर आलं. मी विचार करत गेले की या सगळ्यांत देव बोलतो कुणाशी? पाटलाच्या स्वप्नात येतो. राजाच्या दारात येतो. ज्याच्या हातात सुरी आहे त्याच्याशी बोलतो. ज्याची मान आहे त्याच्याशी देव कधीच बोलत नाही. त्या नव्या नवरीच्या स्वप्नात एकदा आला असता आणि म्हणाला असता, पाटलाला बुरुजात घाल, तर? पण तसा तो कुठल्या पोथीत आला नाही. हुकूम वरच्याला आणि बळी खालचा. हे इतकं जुनं आहे की लोक त्याला धर्म म्हणतात.

आणि खरं सांगते, मलाही आवाज यायला लागला होता. पॅकिंगला खोकी चिकटवताना यायचा. शेठ राउंडला आले, प्रेसवर हात टेकून उभे राहिले, की आवाज म्हणायचा, दाब. बटण दाब. घे त्याची. अगदी देवीसारखा गंभीर आवाज. माझ्या अंगावर काटा यायचा. वाटायचं, खरंच देवी बोलतेय, हा हुकूमच आहे, आता पाप नाही लागणार.

मग ओळखला मी तो आवाज. माझाच होता. माझा राग, माझी बोटं. तेव्हा कळलं की हुकूम येतो कुठून. पाटलाला बुरूज हवा होता. शेठला माल वेळेत हवा होता. मला शेठची बोटं हवी आहेत. अजूनही हवी आहेत, खोटं कशाला बोलू. पण मी ते देवावर ढकलणार नाही. जे करीन ते माझ्या नावावर करीन.

तर तो पाट. तो माइक. मांडीवर हार.

मी उठले. ओढणीत उरलेले चार तांदूळ तेही खाली सांडले. माइक डाव्या हाताने घेतला.  

म्हणलं, "देवीने नाही घेतली. सेन्सर बंद होता. देसले साहेबांनी बंद केला. तुम्ही फोनवर सांगितलं म्हणून केला. मागच्या वर्षीचा हार काढायला लागू नये म्हणून."

शेठ माइक ओढायला लागले. मी सोडला नाही. डाव्या हाताची पकड चांगली झालीये माझी, वर्षभर कपडे पिळून.

महाराज म्हणाले, "बाळा, असं बोलू नये. देवीची आज्ञा झाली होती."

"मग शेठला का नाही झाली? त्यांचे तर दोन्ही हात शाबूत होते." कुणीतरी मागं श्वास ओढला. "तुमच्या पोथीतल्या राजाने स्वतःचं पोर कापलं महाराज. शेजाऱ्याचं नाही कापलं. तुमच्या शेठला सांगा, भक्ती करायची तर आपल्या हाताने करा. मशीन समोर आहे."

माइकची वायर कुणीतरी उपसली. मी हार उचलला. बाजूला पत्र्याच्या कातरणाचा स्क्रॅपचा डबा होता, त्यात टाकला. झेंडू पत्र्यावर पडताना आवाज झाला नाही. मॅडम "अगंबाई" म्हणाल्या.

शेठ हळू म्हणाले, "मांगाची ती मांगाचीच."

हळू म्हणाले. पण मशीनं बंद होती. सगळ्यांना ऐकू गेलं.

मी त्यांच्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या शेठकडं सरळ बघितलं. म्हणलं, "हे पण सांगते चौकशीत."

आणि चालत बाहेर आले. मागून कुणी आलं नाही. टाळ्या वाजवणारे हात खिशात गेले होते. रस्ता ओलांडला. चाचीने चहा ओतला. माझ्या हातावरचं कुंकू बघितलं आणि पंक्चरच्या पाण्याच्या टबात माझा हात धरून धुतला.

दसऱ्यानंतर तारखेला गेले. सरकारी साहेबांसमोर सगळं सांगितलं. हार, फोन, किल्ली, ड्रायव्हरची सीट, आणि ते शेवटचं वाक्यही. लिहून घेणाऱ्याने विचारलं, हेही लिहू? म्हणलं, आधी तेच लिहा. डाव्या हाताने सही केली. त्याने अंगठ्याचं शाईचं पॅड पुढं केलं होतं. मी ते मागं सारलं.

काम गेलं. परमनंट गेलं. कंपनीतल्या गाड्या आधी चाचांच्या गॅरेजला यायच्या, आता येत नाहीत. दोन पोरं येऊन गॅरेजवर सांगून गेली, "चाची, कशाला बाहेरच्या पोरीसाठी धंदा मोडता?" चाची म्हणाली, "चहा घेणार की नुसतंच बोलणार? बोलायचे पैसे वेगळे लागतील." ती हसली, पण गिऱ्हाईक कमी झालंय हे मला दिसतं. मी समोर बसते. रोज. कंपनीच्या गेटसमोर पाटावर बसून पंक्चर काढते. शेठची गाडी आत जाते तेव्हा उजवा हात वर करते. अंगठा आणि करंगळी. त्यांनी काच वर घेतली तरी त्यांना दिसतं. दिसलंच पाहिजे.

केस चालेल. वर्षं लागतील म्हणतात. लागू दे. मी कुठल्या देवाला नवस बोलणार नाही आणि कुठल्या देवाची वाट बघणार नाही. शेठ, मला तुमची माफी नको, तुमचा नारळ नको, नारळाचा पहिला तुकडा नको. मला तुम्ही पिंजऱ्यात उभे हवे आहात. तुमच्या तोंडून ऐकायचंय, "मी सांगितलं." देवीने सांगितलं हे नाही. मी.

आणि चाची, तुझी हिरवी ओढणी मी खाल्ली नाही. माझ्या पेटीत आहे. रक्त काळं पडलंय, कापड लाकडासारखं झालंय. मी ती मुद्दाम धुतली नाही. आधी ती कोर्टात टेबलावर ठेवणार आहे. शेठला शिक्षा लागेल त्या दिवशी घरी येईन, ती नळाखाली धरीन, डाव्या हाताने पिळीन, इस्त्री करीन आणि तुझ्या खांद्यावर टाकीन. त्याच्या आधी मागू नकोस. देणार नाही.